हस्तलिखित तुमच्याकडे असतं तेव्हाही आम्ही लिहीतच असतो : मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

तमाम मराठी प्रकाशक आणि संपादक मंडळींना,

स. न. वि. वि.

सप्टेंबरमध्ये तुमच्यापैकी एका प्रकाशनाकडून मला नकार आला. माझी पहिली कादंबरी, सहा वर्षं लिहीत होते. नकाराचं मला तेवढं नाही, तो येणार हे धरूनच माणूस पाठवतो. पण त्या मेलमध्ये कारण दिलं होतं, आणि ते कारण असं होतं की कोयनेचा भूकंप तुम्ही संध्याकाळी दाखवलाय, तो पहाटे झाला होता, एवढ्या मोठ्या घटनेची वेळ चुकत असेल तर बाकीच्या तपशिलावर वाचकानं विश्वास कसा ठेवायचा. अगदी बरोबर आहे. ज्यांनी कुणी वाचली त्यांनी मन लावून वाचली, त्यांचे मी मनापासून आभार मानते. फक्त ती चूक मी दहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेलं बाड माझ्याकडे होतं, त्यांच्याकडे जुनंच होतं, आणि नवीन पाठवू का असं विचारल्यावर मला सांगण्यात आलं होतं की नको, गोंधळ होतो.

हे पत्र त्यासाठी आहे.

आधी काय झालं ते नीट सांगते. कादंबरी कोयना धरणात गाव गेलेल्या एका घराची आहे, पाटण तालुक्यातलं घर, अर्धी माणसं तिथेच वर डोंगराला सरकली आणि अर्धी रायगडला गेली. साधारण ९४ हजार शब्द झाले होते. जून २०२४ मध्ये मी ती तीन ठिकाणी पाठवली. पुण्याच्या प्रकाशनाला छापील प्रतच हवी होती, एका बाजूला छापलेली, म्हणजे ३१२ पानं, दोन रुपयांनी झेरॉक्स, एका स्पायरलमध्ये मावेना म्हणून दोन बाडं केली आणि स्पीड पोस्टनं पाठवली. मुंबईच्यांनी पीडीएफ चालेल म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनाही मेलच केली. एकाही ठिकाणाहून 'मिळाली' एवढंसुद्धा आलं नाही, स्पीड पोस्टच्या ट्रॅकिंगवरून मला कळलं की बाडं पोचली.

मग दिवाळीत कराडला आत्याकडे गेले होते. आत्याचं सासर पाटणकडचं, भूकंप झाला तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली. फराळ झाल्यावर मी तिला भूकंपाचं प्रकरण वाचून दाखवलं. माझ्या कादंबरीत दिवेलागणीची वेळ होती, घरातली थोरली सून चुलीपुढे भाकऱ्या थापतेय आणि तवा हलायला लागतो, असं मी लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडलेलं होतं. आत्या मधेच म्हणाली, "अगं भाकऱ्या कसल्या थापाय लावतीस तिला? अंधार हुता तवा. आमी गोधडीतनं उठून पळालो." माझ्या पोटात गोळाच आला. लहानपणी आईकडून ऐकलेलं डोक्यात कुठेतरी उलटसुलट बसलं होतं आणि मी ते कधी तपासलंच नव्हतं. घरी येऊन तपासलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं.

आता ज्यांनी कादंबरी लिहिली नाही त्यांना वाटेल की संध्याकाळच्या जागी पहाट लिहायचं, झालं. तसं नसतं हो. त्या प्रकरणापासून पुढे घरातला धाकटा पोरगा दिवेलागणीला घरात थांबतच नाही, कंदील लावला की बाहेर पळतो, हे आठव्या प्रकरणात आहे, चौदाव्यात आहे, शेवटी तो म्हातारा होऊन पनवेलला फ्लॅटमध्ये राहतो तिथेही आहे. सगळं त्या संध्याकाळवर टांगलेलं. संध्याकाळ काढली की सगळंच खाली येतं. दोन आठवडे मी काहीच लिहू शकले नाही. मग एका रात्री सुचलं की चार वाजता उठून बायका काय करत असतील, तर दळण. सून जात्यावर बसलीय, अंधार आहे, घरघर चाललीय, तिला वाटतं आवाज आज जरा जास्तच येतोय, म्हणून ती खुंट्यावरचा हात काढते आणि जातं थांबतं, पण घरघर थांबत नाही. भूकंप असा आला. आणि तो पोरगा मग पुढे आयुष्यभर पहाटे जाग आली की अंगणात जाऊन बसतो, पनवेलला गॅलरीत बसतो. चुकीच्या वेळेपेक्षा हे कितीतरी पटीनं चांगलं झालं, हे मला माहितीय, ज्याला वाचून दाखवलं त्यानं सांगितलं. आणि हे प्रकरण तुमच्यापैकी दोघांनी वाचलेलंच नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मी तिघांनाही मेल केली, की एका महत्त्वाच्या प्रकरणात मोठी दुरुस्ती झाली आहे, नवीन प्रत पाठवू का. मग फोन केले, तेव्हा मुंबईला एका ताईंनी उचलला आणि ते गोंधळाचं वाक्य सांगितलं. पुण्याहून काही नाही. तिसऱ्यांकडून मात्र जानेवारीत नकार आला आणि त्याबरोबर एक पानभर पत्र आलं, आणि ते पत्र मी जपून ठेवलंय. त्यात लिहिलं होतं की तुमची सून पहिल्या साठ पानांत एकदाही कुणाला नाही म्हणत नाही, सगळं तिच्यावर येऊन आदळतं, ती काहीच करत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला तिची कीव येते पण ती आवडत नाही. आणि पुनर्वसनाच्या अधिकाऱ्याचं प्रकरण पाल्हाळ आहे, तुम्ही माहिती गोळा केलीत ती सोडवत नाहीये. बास, एवढंच. पहिल्या दिवशी मला राग आला, दुसऱ्या दिवशी वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्याचं प्रकरण उघडलं आणि बावीस पानांची नऊ केली. मे महिन्यापर्यंत अकरा हजार शब्द काढले, सुनेला एक भांडण दिलं, तिनं सासऱ्याला न विचारता भरपाईचा कागद लपवून ठेवला असं केलं, आणि पुस्तक उभं राहिलं. ज्यांनी नाकारलं त्यांच्यामुळे उभं राहिलं.

म्हणून मी जेव्हा म्हणते की उत्तर द्या, तेव्हा मला हो हवं असतं म्हणून म्हणत नाही. तुमचा नकार म्हणजे आमच्यासाठी काम असतं. पण न आलेल्या उत्तरावर काय काम करणार?

माझी भाची इंग्लंडमध्ये लीड्सला असते, ती इंग्रजीत लिहिते, आणि तीही याच काळात तिची कादंबरी लंडनच्या लिटररी एजंटांना पाठवत होती. आम्ही दर रविवारी फोनवर एकमेकींना सांगायचो कुणाकडे काय अडकलंय. तिकडे मोठ्या प्रकाशकांकडे बहुतेक थेट जाताच येत नाही, मधे एजंट असतो, तो हस्तलिखित निवडतो, लेखकाकडून सुधारून घेतो, मग प्रकाशकांकडे विकतो आणि लेखकाला जे मिळेल त्यातले साधारण पंधरा टक्के घेतो. वाचायचे पैसे घेत नाही, घेत असेल तर तो एजंट धड नाही असंच तिकडे समजतात. अख्खी कादंबरी पहिल्यांदा कुणी मागतच नाही. एक पत्र, एखाद पानाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं, एवढंच. एकाच वेळी अनेकांना पाठवलं तर चालतं, फक्त तसं सांगायचं, आणि कुणी घेतलं तर बाकीच्यांना लगेच कळवायचं.

पण तिकडे सगळं गोड आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. बारा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजा, असं कित्येक एजंटांच्या वेबसाइटवरच लिहिलेलं असतं, आणि तिला पहिल्या सहांपैकी चौघांकडून तेच मिळालं, काही नाही. पण ते निदान लिहिलेलं असतं ना. बारा आठवडे म्हटल्यावर तेराव्या आठवड्यात ती मोकळी. तिनं काय केलं सांगते, एकदम चाळीस जणांना पाठवलं नाही, सहांना पाठवलं, वाट बघितली, एकानंही पुढचं मागितलं नाही म्हटल्यावर पहिलं प्रकरण सरळ उडवलं आणि गोष्ट दुसऱ्यापासून सुरू केली, मग पुढच्या सहांना. कारण एकदा नाही म्हणालेला एजंट तेच पुस्तक सहसा परत बघत नाही, त्यामुळे सगळ्यांना कच्चं दाखवून बसलं की दारंच संपतात. दुसऱ्या खेपेला एकीनं अख्खी कादंबरी मागितली. तेव्हा हिची दुरुस्ती मधल्या भागात अडकलेली, दीडशे पानं नवीन आणि दीडशे जुनी. मला रात्री फोन, "मावशी, काय करू, आहे तशी पाठवू का?" मी म्हटलं विचार तिलाच. तिनं विचारलं, शेवटच्या भागावर काम चाललंय, तीन आठवडे मिळतील का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, जरूर, घाई करू नका.

त्या एजंटबाईंनी पुढे नकारच दिला, तेही सांगून टाकते. पण सुधारून परत पाठवलीत तर पुन्हा वाचेन असं म्हणून, आणि काय सुधारायचं ते लिहून. तिकडे या प्रकाराला रीतसर नावसुद्धा आहे, सुधारा आणि परत पाठवा, आणि लेखक लोक त्याला अर्धा होकार मानतात.

आपल्याकडे हे नवीन आहे का? नाहीच. गिरगावात खटाववाडीतून 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहायचे, हे आमच्या पिढीनं ऐकलंय आणि वाचलंय. कथा परत पाठवायचे, हे पुन्हा बघा, शेवट असा का, पुन्हा लिहा. 'सत्यकथे'वर नाराज असणारेही खूप होते, तरुण लेखकांनी तिची जाहीर होळीसुद्धा केली, आणि त्यांचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही, संपादकाच्या आवडीपलीकडे साहित्य असतंच. पण भांडायला तरी समोर कुणीतरी होतं. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. आज मी कुणाशी भांडू? इनबॉक्सशी?

दिल्ली, जयपूर, बंगळुरूकडे इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी थोडेफार एजंट आहेत, मराठीत मात्र तसलं कुणी नाही, आणि आपल्या प्रती किती खपतात ते बघता पंधरा टक्क्यांवर कुणाचं घर चालेल असं मला वाटतही नाही. म्हणजे तो मधला माणूस, जो आधी वाचतो, सुधारून घेतो, कुठे पाठवायचं ते सांगतो, तो आमच्याकडे नाहीच. ते सगळं काम तुमच्याच डोक्यावर आहे. आणि तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. माझ्या ओळखीत एक छोटे प्रकाशक आहेत, स्वतःच वाचतात, स्वतःच पार्सलं बांधतात, ग्रंथालयांच्या बिलांची वाट बघत वर्ष काढतात, आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत तर त्यांच्याशी बोलायचीही सोय नसते. त्यांच्या कपाटात आलेली बाडं मी बघितलीत, वरच्या खणापर्यंत. त्यातली कितीतरी न वाचवणारी असतात हेही खरं.

आणि बदल नको म्हणता त्यामागचंही कळतं. एकदा डीटीपी झालं की युनिकोडमधली फाइल श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जाताना निम्मी जोडाक्षरं फुटलेली असतात, रफार भलतीकडे गेलेले असतात, ते हातानं दुरुस्त करून प्रूफं निघालेली असतात, आणि त्यावर लेखक म्हणतो की हे प्रकरणच बदलूया. फर्म्याचं, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायच्या पानांचं गणित कोलमडतं. तिथे तुम्ही नाही म्हणालात तर शंभर टक्के तुमचं बरोबर. पण मी बोलतेय ते त्याच्या कितीतरी आधीचं. पाकीटसुद्धा उघडलेलं नाही, पीडीएफ डाउनलोडसुद्धा झालेली नाही, तेव्हा जुनं बाजूला ठेवून नवीन ठेवायला काय लागतं? वाचायला घेतलं असेल तर तसं सांगा, आम्ही गप्प बसू. एका शब्दाच्या शुद्धलेखनासाठी कुणी तुम्हाला त्रास देऊ नये, मीही देणार नाही, मधल्या काळात मी शेकडो वाक्यं बदललीत आणि त्याबद्दल कुणाला एक अक्षर कळवलेलं नाही. पण घटनेची वेळच चुकली, किंवा अकरा हजार शब्द गळाले, तर ते पुस्तकच वेगळं असतं, आणि जे पुस्तक आता अस्तित्वातच नाही ते वाचण्यात तुमचाही वेळ जातो ना.

तेव्हा एकदाच, वाचन सुरू होण्याआधी, सुधारलेली प्रत पाठवायची मुभा द्या. हस्तलिखित मिळालं की तेवढं कळवा, आणि किती महिन्यांत सांगाल ते सांगा, सहा म्हणा, आठ म्हणा, आमची हरकत नाही, पण आकडा सांगा, आणि तो उलटला की आम्ही मोकळे असं ठरू द्या. नकार देताना एक ओळ कारणाची द्या, जशी मुंबईच्यांनी दिली.

आणि 'हे हस्तलिखित अन्यत्र पाठवलेले नाही' असं जे लिहून घेता, त्याचा एकदा विचार करा. एकेकाकडे नऊ-नऊ महिने लागत असतील तर पाच प्रकाशकांना जवळजवळ चार वर्षं. आत्या आता सत्तरी ओलांडून गेलीय. तिनं सांगितलेलं पुस्तकात आलेलं तिला हातात घेऊन बघायचंय, ती दर फोनला विचारते, "कुठवर आलं गं?"

चौथ्या एका ठिकाणचं जास्त लिहीत नाही. तिथून आठच दिवसांत होकार आला, आणि पुढे तीनशे प्रती तुम्हीच विकत घ्यायच्या असं होतं. ज्यांना तसं करायचंय त्यांनी करावं, पण ते तुमच्या पहिल्या पानावर लिहा, लेखकाला होकाराचा आनंद देऊन मग हिशोब दाखवू नका. माझ्या घरी त्या संध्याकाळी पेढे आणले होते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दिवशी मी पण स्टेटस ठेवलं होतं, अभिमान वाटलाच. २०२५ मध्ये शेजारच्या कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या बानू मुश्ताक यांच्या कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा सगळीकडे एकच चर्चा, मराठीला कधी. मला वाटतं की या प्रश्नाचा थोडा तरी भाग तुमच्या कपाटातल्या त्या खणांमध्ये आहे. आम्ही लिहितोय, तालुक्याच्या गावांत नोकऱ्या सांभाळून, पहाटे उठून लिहितोय. मी स्वतः पतसंस्थेत नोकरी करते, पाच ते सात लिहिते. आमच्यापैकी बऱ्याच जणांना कुणी शिकवलेलं नाही की कादंबरी कुठे सैल पडते, कुठे ओढून धरायची. ते कळतं फक्त एखाद्या चांगल्या वाचणाऱ्यानं सांगितलं तर. एका पानाच्या पत्रानं माझं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

माझ्यापुरतं मी आता एक वही केलीय. कुणाला कधी पाठवली, कोणती आवृत्ती पाठवली, त्यानंतर काय काय बदललं, सगळं तारखेनुसार. नवीन पाठवायची झाली तर आता तीन प्रकरणं आणि सारांशच पाठवते, बाकीचं मागितलं तर देते, त्यामुळे झेरॉक्सचा खर्च वाचतो आणि मागितलं जाईपर्यंत पुढच्या भागावर हात फिरवायला वेळ मिळतो. सध्या नवीन आवृत्ती एका ठिकाणी गेलीय, त्यांनी पोच दिली, चार महिने म्हणाले. बरं वाटलं.

आता एकच विनंती, आणि ती पुण्याच्या त्या प्रकाशनाला आहे, नाव मी घेत नाही, तुमचं तुम्हाला कळेल. मार्चमध्ये मी फोन केला तेव्हा परीक्षकांकडे दिलंय म्हणालात, त्यानंतर काही कळलं नाही. माझी दोन बाडं अजून तुमच्याकडे आहेत, निळ्या कव्हरची, पहिल्या बाडाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे तो माझ्याकडूनच पडलाय. त्यात १०७ पानावर सून अजून भाकऱ्या थापतेय आणि भूकंप अजून संध्याकाळीच होतोय. अजून वाचली नसतील तर नका वाचू. एक मेल करा, सुधारलेली प्रत त्याच दिवशी पाठवते, छापीलच हवी असेल तर छापील पाठवते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक कादंबरी लिहिणारी,
सातारा